धुक्यातला तिसरा गोल

हॅलिवेलांकडे रविवारचं जेवण एक वाजता म्हणजे एकलाच. साक्षात राणी दारात उभी राहिली असती तरी ओव्हनमधलं, बीफबरोबर खायचं बिनगोडाचं यॉर्कशर पुडिंग फुगेपर्यंत तिला पायरीवर थांबावं लागलं असतं. मध्येच दार उघडलं की पुडिंग बसतं, आणि डोरीनचं पुडिंग बसलं तर तिची भावजय हिल्डा ती बातमी सोमवारी सकाळी अकराच्या आत सगळ्या रॅडशॉ गावाला पोचवते. पण ऑगस्टमधल्या त्या रविवारी डोरीनचं लक्ष ओव्हनकडे नव्हतंच. ती खिडकीतून नवऱ्याकडे बघत होती. नॉर्मन मागच्या अंगणात, शेंगांच्या वेलांपाशी, कार्डिगनच्या खिशात हात घालून वीस मिनिटं नुसता उभा होता.

तीन दिवस झाले, माणूस धड जेवला नव्हता. आणि हा माणूस म्हणजे कोण, तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या ज्यानं नर्सला पहिला प्रश्न केला की जेवायला काय आहे. गुरुवारी फुटबॉल क्लबचं पत्र आलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

पत्र आनंदाचं होतं. येत्या शनिवारी, हंगामातल्या पहिल्या मॅचआधी, रॅडशॉ ॲल्बियनच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी बांधलेल्या नव्या स्टँडचं उद्घाटन होणार होतं. नाव ठरलं होतं ‘नॉर्मन हॅलिवेल स्टँड’. त्याखाली पितळेची पाटी लागणार होती: ‘ॲल्बियनसाठी सर्वाधिक गोल करणारा फॉरवर्ड. १९५४ ते १९६८. गोल २०३.’ मजकूर तपासून सही करायची, आणि रविवारी चार वाजता क्लबचे सेक्रेटरी मिस्टर ऑल्डरसन तो कागद न्यायला येणार, कारण सोमवारी कोरणाऱ्याकडे काम जायचं होतं. जुना विक्रम जेथ्रो होल्टचा. तो खेळला पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात, आणि त्याचे गोल दोनशे दोन. फरक एका गोलाचा. आणि तो एक गोल नॉर्मनचा नाहीच, हे जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं डोरीन अडतीस वर्षं समजून चालली होती.

१९५६चा डिसेंबर. क्लेडन टाउनविरुद्धची मॅच. गिरण्यांचा धूर आणि नदीवरचं धुकं यांनी संगनमत करून मैदानाचा घास घेतला होता. वर बाकांवर बसलेल्या पत्रकारांना स्वतःचे बूट दिसत होते, तेवढंच. शेवटची दहा मिनिटं उरली होती म्हणून रेफरीनं खेळ थांबवला नाही. वीस वर्षांची डोरीन टॅटर्सल गोलच्या मागे, कठड्याला चिकटून उभी होती. तिचं सगळं भवितव्य त्या मैदानात कुठं तरी पळत होतं, कारण आदल्याच आठवड्यात मासे-बटाट्याच्या दुकानात, व्हिनेगर ओतता ओतता, नॉर्मन म्हणाला होता, “पहिली हॅटट्रिक झाली ना, की मी तुझ्या बापाला भेटायला येतो.” त्या दिवशी मध्यंतरापर्यंत त्याचे दोन गोल झाले होते. मग धुक्यातून तिसरा आला, तिच्यापासून चार पावलांवर जाळ्यात गेला. रॅडशॉच्या गुलाबी सांजपेपरचा वार्ताहर धापा टाकत गोलमागे आला. सहा वाजता पेपर रस्त्यावर हवा आणि त्याआधी फोनवरून नाव कळवायला हवं. “कुणी मारला? कुणी मारला?” डोरीन ओरडली, “नॉर्मननं!” मग आजूबाजूची वीस माणसं, ज्यांना स्वतःचं नाक दिसत नव्हतं, तीही ओरडली, “नॉर्मन! नॉर्मन!” सहा वाजता ते गुलाबी कागदावर छापून आलं, आणि गुलाबी कागदावर आलं की रॅडशॉत बायबलनंतरचं सत्य तेच.

तो गोल मारताना डोरीननं ज्याला स्पष्ट पाहिलं होतं, तो तिचा सख्खा भाऊ, ॲल्बियनचा डावा विंगर क्लेम होता. त्यानं पुढे कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणून धुक्यात त्यालाही ते कळलं नसावं, असं तिनं धरून ठेवलं होतं.

हॅटट्रिक करणाऱ्यानं मॅचचा चेंडू घरी न्यायचा, अशी रीत. नॉर्मन तो चेंडू काखेत मारूनच तिच्या बापासमोर उभा राहिला. म्हाताऱ्या सेथ टॅटर्सलनं पाव ताजा आहे का बघावं तसा चेंडू अंगठ्यानं दाबला आणि म्हणाला, “हवा कमी आहे. मुलगा बरा दिसतोय.” झालं लग्न. दोन मुलं झाली, पाच नातवंडं झाली. आणि डोरीननं त्या गोलाबाबत तोंडाला जे कुलूप लावलं, ते लावलंच.

पुढच्या दारातून आवाज आला. “डोरीन! जिवंत आहेत का सगळे? की नव्या स्टँडच्या आनंदात मेला म्हातारा?”

क्लेम आला होता. बासष्टीतही तो विंगरसारखाच चालायचा, म्हणजे भिंतीच्या कडेकडेनं. मागे हिल्डा, हातात जेवणानंतरच्या गोडाचं, रूबार्बच्या क्रंबलचं भांडं घेऊन, आणि तिच्यामागे काखेत जाडजूड फाइल दाबलेली ग्लेनिस. ग्लेनिस ही डोरीनची थोरली. गावच्या लायब्ररीत काम करणारी ही पोरगी दोन वर्षं क्लबच्या मागे हात धुऊन लागली होती. बापाचं नाव स्टँडला लागलं ते निम्मं तिच्या पत्रांमुळे आणि निम्मं तिच्या पत्रांना कंटाळून.

“डॅड कुठाय?” ग्लेनिस म्हणाली.

“शेंगांशी बोलतोय,” डोरीन म्हणाली. “बोलाव त्याला. पुडिंग फुगलंय.”

पुडिंग खरंच फुगलं होतं. हिल्डानं ते बघितलं आणि काही बोलली नाही, यावरून ते किती फुगलं होतं याचा अंदाज यावा. सगळे बसले. बीफ, बटाटे, वाटाणे, ग्रेव्ही टेबलावरून फिरली. क्लेमनं तोंडात घास असतानाच शनिवारच्या भाषणाची तालीम सुरू केली, कारण सूत्रसंचालन त्याच्याकडे होतं. गेली पंचवीस वर्षं दर शुक्रवारी कामगार क्लबात तो ग्लास हातात घेऊन उभा राहायचा आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. विषय एकच असायचा. ॲल्बियनसाठी दोनशे सत्त्याऐंशी मॅचेस, आणि गोल शून्य.

“मी म्हणणार, मंडळी, नॉर्मनचे गोल दोनशे तीन, माझे शून्य. आम्हा दोघांचे मिळून दोनशे तीन. म्हणजे आमची जोडी इंग्लंडात नावाजलेली! मी किक मारायला पाय उचलला की समोरचा गोलकीपर खिशातून सँडविच काढायचा. गोलकीपरांच्या बायका मला नाताळची कार्डं पाठवायच्या.”

“कार्डांचं नवीन आहे,” ग्लेनिस हसत म्हणाली.

“काल सुचलं. बरं आहे ना?”

“पस्तीस वर्षं ऐकतेय मी,” हिल्डा बटाट्याला म्हणाली. “बाजारात गेले तर कसाई विचारतो, क्लेमला म्हणावं नेम धरून मटण घेऊन जा. मला येतं का हसू? एकदा तरी मारायचा होता मेल्यानं. चुकून तरी.”

“चुकूनही जमलं नाही, हेच तर कौशल्य,” क्लेम म्हणाला.

नॉर्मन हसला नाही. त्यानं पुडिंगचे चार तुकडे केले, ते ताटात चार दिशांना सारले आणि काटा खाली ठेवला. 

ग्लेनिसनं फाइल उघडली. शनिवारी क्लबच्या खोलीत ती बापाच्या कारकिर्दीचं प्रदर्शन मांडणार होती. एकेक कागद ती टेबलावर फिरवू लागली. सोळाव्या वर्षी कोळशाच्या गोदामातून थेट मैदानावर आलेला, कानात काळं तसंच असलेला नॉर्मन. डोक्याला पट्टी बांधून हेडर मारणारा नॉर्मन. लंडनच्या मोठ्या क्लबनं बोलावलं तेव्हा स्टेशनावर नव्या टोपीत उभा असलेला नॉर्मन. चौथ्या दिवशी तो परत आला होता, कारण तिथल्या हॉटेलात वाटाणे मोजून वाढत होते आणि शेजारचा माणूस ‘गुड मॉर्निंग’ला उत्तर देत नव्हता. मग गुडघा गेला, आणि चोवीस वर्षं दुधाची गाडी. पहाटे रॅडशॉच्या दारोदार बाटल्या ठेवणाऱ्या माणसाला बायका खिडकीतून विचारायच्या, ‘काय नॉर्मन, शनिवारी जिंकू का?’ आणि तो म्हणायचा, ‘बचाव सुधारला तर.’

“आणि ही गंमत बघा!” ग्लेनिसनं एक झेरॉक्स वर धरली. “छप्पन सालची धुक्यातली मॅच. म्हटलं क्लेडनच्या पेपरात काय आलं होतं बघू, म्हणून तिकडच्या लायब्ररीतून मागवली. ऐका. ‘ॲल्बियनचा तिसरा गोल डावा विंगर टॅटर्सल याने अप्रतिम फटक्यावर केला. आमचा प्रतिनिधी गोलच्या खांबाशेजारीच उभा होता.’ अंकल क्लेम! तू गोल मारलास म्हणे! चष्मा विसरून आला असेल बिचारा.”

ती खदखदून हसली. हिल्डाही हसली. आणि मग दोघींच्या लक्षात आलं की टेबलावरचे बाकीचे तिघं हसत नाहीयेत. क्लेम वाटाणे मोजत होता. डोरीननं ग्रेव्हीचं भांडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तिला वाटलं, संपलं. आता एक जरी शब्द तोंडातून निघाला तर अडतीस वर्षांचा पसारा या मेजावर सांडणार.

शब्द निघाला, पण तो नॉर्मनच्या तोंडून.

“बरोबर लिहिलंय त्यानं.”

“काय?” ग्लेनिस म्हणाली.

“क्लेडनवाल्यानं. बरोबर लिहिलंय. तो गोल माझा नव्हता. मी हेडर मारायला उडालो, चेंडू चुकला आणि तोंडावर पडलो. तोंडात चिखल होता माझ्या. वर बघतो तर सगळे माझ्या पाठीवर थापा मारतायत. मला वाटलं, सांगू नंतर. संध्याकाळी पेपरात आलं. मग...” त्यानं एकदा डोरीनकडे बघितलं. “मग नाही सांगितलं.”

 याला माहीत होतं! ज्याच्यापासून लपवायला म्हणून ती इतकी वर्षं मूग गिळून बसली, त्या बाबाला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

“काहीतरीच काय!” क्लेम ताडकन म्हणाला. “डोक्यावर परिणाम झालाय याच्या. इतकी हेडर मारल्यावर होणारच. मी आयुष्यात गोल मारलेला नाही. विचारा कुणालाही!”

“तू गप,” हिल्डा म्हणाली. तिनं काटा-सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे वळली. “क्लेम टॅटर्सल. तू गोल मारलास? आणि मला सांगितलं नाहीस? पस्तीस वर्षं मी त्या कसायाचं ऐकून घेतलं!”

“नाही मारला गं!”

“मारला,” नॉर्मन म्हणाला.

“नाही!”

मग जे सुरू झालं त्यात जुन्या आघाड्या बाराच्या भावात गेल्या. एरवी नॉर्मन आणि हिल्डा यांचं हवामानावरूनसुद्धा पटत नसे. आता ती त्याच्या बाजूनं टेबलावर मूठ आपटत होती. आणि बापाचा शब्द कधी खाली न पडू देणारी ग्लेनिस क्लेमच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली होती.

“डॅड, एवढं सोपं आहे का? दोन वर्षं घातलीयत मी यात!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “क्लबच्या दप्तरात दोनशे तीन आहेत. सगळ्या पुस्तकांत दोनशे तीन आहेत. अंकल क्लेमची तक्रार नाही. मग कुणाचं काय बिघडलं?”

“कागदावर होतं तोवर मलाही चालत होतं, पोरी,” नॉर्मन म्हणाला. “कागद पिवळा पडतो, उंदीर खातात. पण पितळेत कोरायचं म्हणतायत. आणि शनिवारी होल्टची मुलगी येणारेय. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिला पहिल्या रांगेत बसवणार आणि मी तिच्या देखत तिच्या बापाच्या डोक्यावर पाय देऊन उभा राहणार? जेथ्रो होल्टनं मला हेडर शिकवला. मी गोदामातला पोरगा होतो आणि तो मैदानाचं गवत कापायचा. रोज संध्याकाळी, फुकट. मला अन्न जात नाही, ग्लेनिस.”

 ग्लेनिस खाली बसली. पण हार मानली असती तर ती टॅटर्सलांची भाची कसली.

“मम,” ती म्हणाली, “तू तिथंच होतीस ना? गोलच्या मागे? तूच नेहमी सांगतेस. मग तू सांग. कुणी मारला?”

चार चेहरे डोरीनकडे वळले. ती उठली. “कस्टर्ड करपेल,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. कस्टर्ड अजून शेगडीवर चढवलेलंसुद्धा नव्हतं.

दूध तापत ठेवेपर्यंत क्लेम मागोमाग आलाच. त्यानं दार लावून घेतलं, तिच्या हातातून चमचा घेतला आणि ढवळू लागला.

“हे बघ डोरीन, धुकं होतं, दिसलं नाही, एवढंच म्हण. फार खोटंही नाही ते.”

“तुला नकोय तो गोल?”

“मी काय करू त्याचं? एक गोल मारलेले विंगर गल्लोगल्ली सापडतात. शून्यवाला मी एकटा! शुक्रवारी लोक कुणाला ऐकायला येतात? उद्या एक गोल झाला की मी म्हणजे नुसता एक वाईट खेळाडू.”

डोरीनला हसू आवरेना. खुर्चीत बसून ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. “क्लेम, तुला माहीत नाही मी काय केलंय. त्या पेपरवाल्याला मी...”

“तू ओरडलीस. ऐकलं ना मी.”

ती डोळे पुसायची थांबली.

“धुक्यात दिसत नाही, ऐकू येतं. वीस वर्षं भिंतीपलीकडून तुझी बडबड ऐकली, तुझा आवाज ओळखणार नाही होय?”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? नॉर्मनचं आणि तुझं काय ठरलंय ते अख्ख्या मासेवाल्याच्या रांगेला माहीत होतं. आठवडाभर घरात गात हिंडत होतीस. आई तुला ओरडायची विसरली होती. शिवाय...” तो कस्टर्डकडे बघत म्हणाला, “तू गेलीस की तुझी खोली मला मिळणार होती.”

तिनं त्याला ओल्या फडक्यानं एक फटका हाणला. तोही हसला. मग इकडेतिकडे बघून, चोरानं माल दाखवावा तसा, हळूच म्हणाला, “उजव्या पायानं मारला होता, माहितेय? उजव्या! जन्मभर तो पाय मी नुसता उभं राहायला वापरला.”

आणि क्षणभर त्याचा चेहरा असा उजळला की डोरीनला चोवीस वर्षांचा क्लेम समोर दिसला, मोजे खाली आलेला, केस कपाळाला चिकटलेला. लगेच त्यानं तो चेहरा आवरला आणि ढवळायला लागला. पण तिनं बघितलं होतं.  शुक्रवारचे विनोद, सँडविच, नाताळची कार्डं, सगळं खरं होतं. पण या माणसाला आयुष्यात एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं की मी पाहिला तुझा गोल. आणि म्हणू शकेल असं माणूस एकच होतं.

“चल,” ती म्हणाली. “कस्टर्ड झालं.”

ती टेबलापाशी आली, भांडं मधोमध ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलली, नाहीतर धीर सुटला असता.

“गोल क्लेमनं मारला. मी पाहिला. धुक्यातूनही पाहिला, चार पावलांवरून. पेपरवाल्याला नॉर्मनचं नाव मी सांगितलं. मुद्दाम सांगितलं. कारण नॉर्मन म्हणाला होता की हॅटट्रिक झाली की मागणी घालीन, आणि मला थांबायचं नव्हतं. भावाचा गोल मी चोरला आणि नवऱ्याला दिला. आता काय बोलायचं ते बोला.”

 ग्लेनिस तोंड उघडं टाकून आईकडे बघत होती.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “मी जन्माला आले ती एका खोट्या बातमीमुळे?”

“तू आणि कॅनडातला तुझा भाऊ, दोघंही,” क्लेम म्हणाला.

नॉर्मन मात्र कुठल्याशा भलत्याच मुद्द्यावर अडकला होता. त्याचे कान लाल झाले होते. “डोरीन,” तो म्हणाला, “अंगठी मी नोव्हेंबरातच घेतली होती.”

“काय?”

“बुटांच्या पिशवीत होती. महिनाभर. धीर होत नव्हता, म्हणून हॅटट्रिकचं काढलं. तशी अट नव्हती काही ती. शून्य-शून्य झालं असतं तरी त्याच रविवारी येणार होतो.”

“नॉर्मन हॅलिवेल!” डोरीन किंचाळली. “अडतीस वर्षं मी चर्चमध्ये मान खाली घालून बसते, आणि तुझ्या पिशवीत अंगठी होती?”

“नडगीच्या पॅडखाली,” तो म्हणाला.

पहिल्यांदा हसली ती हिल्डा. मग ग्लेनिस, डोळे पुसत. मग सगळेच, असे की शेजारच्या म्हातारीनं भिंत ठोकली. आणि त्या हसण्यात नॉर्मननं समोरचं ताट ओढलं आणि गार झालेल्या पुडिंगचे चारही तुकडे, ग्रेव्ही ओतून, एकामागून एक खाऊन टाकले. डोरीननं ते पाहिलं. तीन दिवसांत प्रथमच तिला बरं वाटलं.

चारला पाच कमी असताना मिस्टर ऑल्डरसन आले. टाय बांधलेला, घाबरट, चांगला माणूस. त्यांना क्रंबल वाढण्यात आला आणि क्रंबलबरोबरच बातमीही. त्यांनी चमचा तोंडात तसाच धरून सगळं ऐकलं.

“पण मिस्टर हॅलिवेल,” ते शेवटी म्हणाले, “मग तुमचे दोनशे दोन होतात. होल्ट यांचेही दोनशे दोन. समितीनं ठराव केलाय तो सर्वाधिक गोल करणाऱ्याच्या नावाचा.”

“मग दोघांचं लावा. होल्टचं आधी. तो आधी पोचला.”

“अक्षरं तयार आहेत हो तुमच्या नावाची. भिंतीवर जागा...”

“मिस्टर ऑल्डरसन,” ग्लेनिस म्हणाली, आणि तिचा पत्रं लिहिणारा आवाज ओळखून ते लगेच ताठ बसले, “होल्ट-हॅलिवेल स्टँड. जागा करा. नाहीतर उद्यापासून मी पुन्हा पत्रं सुरू करते.” मग तिनं वाकून बापाच्या टकलावर ओठ टेकले आणि फाइलमधला दोनशे तीनचा तक्ता शांतपणे फाडला. डोरीनला त्या क्षणी पोरीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.

ऑल्डरसननी पेन काढलं. “समितीला मी सांगतो. होतील तयार. होल्टबाईंना तर...” त्यांनी चष्मा पुसला. “बरं. म्हणजे दुरुस्ती. हॅलिवेल, दोनशे दोन. आणि मिस्टर टॅटर्सल, दोनशे सत्त्याऐंशी मॅचेस.” ते थांबले. “गोल एक.”

“एक,” हिल्डा मोठ्यानं म्हणाली. “उद्या सकाळी मी कसायाकडे जातेय.”

क्लेम काही बोलला नाही. इतका वेळ क्लेम बोलला नाही असं या घरात कधी झालं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, शून्य गेल्याचं दुःख. डोरीनलाही तसंच वाटलं. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. “रागावलास?”

“नाही गं.” तो खुर्चीत तिच्याकडे वळला. “डोरीन, एक विचारू? तो आत कुठून गेला?”

“कुठून म्हणजे?”

“मी मारला आणि घसरलो. पाठीवर पडलो. वर नुसतं पांढरं दिसत होतं. लोक ओरडले म्हणून कळलं की गेला.” तो टेबलावरच्या कापडाची घडी बोटानं सरळ करत होता. “मी पाहिलाच नाही तो. कधीच.”

ऑल्डरसननी पेन खाली ठेवलं. नॉर्मन खुर्ची पुढे ओढत म्हणाला, “मीसुद्धा नाही पाहिला. सांग ना, डोरीन.”

डोरीन भावाच्या शेजारी बसली.

“आधी तू दिसलास,” ती म्हणाली. “मोजे खाली आलेले. चेंडू तुझ्या डाव्या पायाशी होता. मला वाटलं, हा आता बाहेर मारणार. पण तू तो आत ओढलास आणि उजव्यानं मारलास. वर नाही गेला तो, कमरेइतका, सरळ. लांबच्या खांबाला आतून लागला, असा टण्णकन आवाज झाला. गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. आणि जाळं ओलं होतं ना, ते एकदम फुगलं, तर त्याचं पाणी सगळं माझ्या तोंडावर उडालं. गार. मी डोळे मिटले नाहीत. फार सुंदर होता, क्लेम. मी पुढं बारा वर्षं याचे गोल पाहिले, तसला एकही नव्हता.”

“खरंय,” नॉर्मन म्हणाला. “माझे सगळे ढकलाढकलीचे.”

क्लेम खाली बघत होता. खाली बघूनच तो हसत होता.

“खांबाला आतून?” तो म्हणाला.

“आतून.”

“परत सांग.”

डोरीननं परत सांगितला, या वेळी सावकाश.